अनुमोदक

हिंदुराव बुगडचा निरोप आला तेव्हा मी तव्यावरची भाकरी उलटत होतो. शैला गेल्यापासून भाकरी मीच करतो. गोल होत नाही, पण पोट भरतं. मोबाइल वाजला म्हणून पिठाच्या बोटानंच उघडला.

'ऐकलं का, होगाडे. उद्या पाण्याची टाकी धुणार आहेत. आजच दोन बादल्या भरून ठेवा. नाहीतर सकाळी तोंड न धुता बसाल आणि माझ्यावर चिडाल.'

भाकरी करपली, तरी मी तसाच उभा होतो.

हिंदुराव मला विल्या म्हणतो. सूतगिरणीच्या रिंगफ्रेम खात्यात आम्ही शेजारी शेजारी उभं राहून नोकरी काढली. वहिन्या मला भावजी म्हणतात, पोरं काका म्हणतात. 'होगाडे' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. शैला गिरणीच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघायची. लग्नाआधी हजेरीच्या कागदावर तिला माझं आडनावच आधी दिसायचं, तेच पुढं राहिलं. चारचौघांत ती कधी तसं म्हणाली नाही. फक्त घरात. आणि शेवटी दवाखान्यात. गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्यानंतर जे काही बोलायचं ते ती टॅबवर लिहायची. घरच्या कॉम्प्युटरला जोडलेला टॅब होता तो. मी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत असलो की मोबाइलवर यायचं, 'ऐकलं का, होगाडे. साखर कमी घाला.'

मी हिंदुरावला फोन लावला.

"काय रे, हे काय लिहिलंस?"

"काय लिहिलं? टाकीचं कळवलं."

"होगाडे म्हणालास मला."

"मग? आडनाव बदललंस होय?"

"वाच. तू काय पाठवलंस ते एकदा वाच."

त्यानं पुटपुटत वाचलं. मग तो म्हणाला, "अरे, मी नुसतं 'टाकी' एवढं टाइप केलं. बाकीचं अंदाजनं भरलं. वाचत कोण बसतंय? दिलं पाठवून."

अंदाज म्हणजे काय हे इथं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची कॉलनी सूतगिरणीच्या कामगारांची. गिरणी बंद पडली, घरं राहिली. प्रत्येक घरात एक जुना कॉम्प्युटर आहे, गिरणीचं ऑफिस मोडलं तेव्हा वाटून घेतलेला. बरीच वर्षं त्यानं भागलं. मग पेन्शन, दवाखाना, लाइट बिल, औषधं, सगळं नव्या पद्धतीवर गेलं. चेहरा दाखवा, बोलून सांगा, लगेच उत्तर घ्या. आमची मशीनं त्या ओझ्यानं बसली. बटण दाबायचं आणि भाजी चिरून यायची. मुलं पुण्याहून सांगायची, नवीन घ्या. पेन्शनीत नवीन कुठलं येणार?

कॉम्प्युटर हळू चालतो तेव्हा तो बहुतेक वेळ काम करत नसतो, वाट बघत असतो. साठवणीतून माहिती यायची वाट, लांबच्या मोठ्या मशीनकडून उत्तर यायची वाट, आणि आपण काय सांगणार त्याची वाट. हे वाट बघणं काढून टाकलं तर जुनं मशीनही पळतं. रोजचं गिऱ्हाईक पायरी चढताना दिसलं की हॉटेलवाला चहा ओतायला घेतो. गिऱ्हाईक बसेपर्यंत कप समोर. चहा काही लवकर उकळलेला नसतो, सांगायच्या आधी सुरुवात केलेली असते. कॉम्प्युटरच्या आतल्या चिपा हे बारीक प्रमाणात पूर्वीपासून करतात म्हणे. अंदाजनं ते माणसाच्या पातळीवर केलं. कॉलनीतली मशीनं दिवसातला बराच वेळ नुसती चालू असतात. त्या रिकाम्या वेळात सगळ्यांनी मिळून प्रत्येक घराला पुढं काय लागणार ते ओळखायचं आणि तयार करून ठेवायचं. पैसे न घालता, नवीन यंत्र न घेता. सहकारी पद्धत म्हणून आम्हाला ती आवडली.

अडचण एवढीच की अंदाज बरोबर यायला हवा. चुकला तर तयार केलेलं फेकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला इतका चुकायचा की मशीनं पूर्वीपेक्षा हळू झाली. शेजारच्या सुलोचना वहिनी इन्सुलिन मागवायला बसल्या की अंदाज त्यांच्यापुढं कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण मांडायचा. त्या ओरडायच्या, "अरे मेल्या, या वयात?"

त्याच सुमारास शैलाचं दुखणं वाढलं. ती गेली. घरचं मशीन मी बंदच ठेवलं. कॉलनीतली मशीनं एकदम पळायला लागली हे मी बाहेर नुसतं ऐकत होतो. बोट टेकवायच्या आत काम झालेलं असतं, लोक सांगायचे. मला त्याचं काय.

आता मात्र मी मागचे निरोप काढून बघितले. सुलोचना वहिनींनी डबा पाठवताना लिहिलं होतं, 'वांगं तिखट झालंय. रागावणार असाल तर आधी जेवा, मग रागवा.' मारुती टकलेनं वर्गणीचं लिहिताना आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली होती. मारुतीनं उभ्या जन्मात कुणाचा गुडघा विचारलेला नाही. मला वाटलं होतं, दुःखातल्या माणसाशी लोक जरा गोड बोलतात.

दुसऱ्या दिवशी मी कॉलनीच्या सहकारी संस्थेच्या ऑफिसात गेलो. अंदाजची देखभाल करायला ऋतुजा खोत म्हणून एक इंजिनियर मुलगी इचलकरंजीहून येते. तिला मी निरोप दाखवले. तिनं दोन-तीन गोष्टी तपासल्या आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"काका, तुमच्याच घरचा ठसा आहे हा."

"ठसा म्हणजे?"

"सवय. माणूस कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द घेतो, कुणाशी कसं बोलतो, एक काम झालं की दुसरं कोणतं काढतो. काकूंचं एकही पत्र यात साठवलेलं नाही. पत्रं लिहिणारा हात आहे, असं समजा."

"मग तो हिंदुरावच्या मशीनमध्ये कसा?"

"सगळ्यांच्याच मशीनमध्ये आहे. आमच्या आधीच्या माणसांनी प्रत्येक घराचा ठसा सगळ्या कॉलनीला लावून बघितला. बाकीचे आपापल्या घरापुरतेच चालत होते. काकूंचा मात्र साठही घरांना बरोबर बसला. का ते आम्हालाही कळलं नाही."

मला कळलं. कॉलनीतलं प्रत्येक पत्र शैलानं लिहिलेलं होतं. हिंदुरावची भाषणं, मारुतीचे पालिकेकडचे तक्रार अर्ज, सुलोचना वहिनींच्या बहिणीबरोबरच्या भांडणाचे निरोप, समझोत्याचेही. लोक संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "शैलावहिनी, तुम्हीच लिहा माझ्या वतीनं, मला जमत नाही." कोण कसं बोलेल ते तिला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिच्यात सगळी कॉलनी होती.

"दवाखान्यातलं पण आलंय यात," मी म्हणालो. "ती मला जे लिहायची ते."

ऋतुजानं पुन्हा पडद्याकडं बघितलं. मग म्हणाली, "घरच्या मशीनवरून गेलेलं सगळंच आलं, काका."

"काढून टाक."

"मला तो अधिकार नाही. हा ठसा वापरायचा संस्थेचा ठराव आहे. आणि काढायचा असेल तर रविवारच्या आतच. आत्ता तो वेगळा आहे, वरून लावल्यासारखा. रविवारी वार्षिक सभेची मंजुरी झाली की सोमवारी सगळे ठसे एकत्र घुसळायचे. वेग अजून वाढेल त्यानं. पण एकदा घुसळल्यावर मग..."

"मग निघणार नाही."

"ताक झाल्यावर दूध कुठून काढू, काका?"

"ठराव कधी झाला?"

"मी यायच्या आधीचा आहे. अध्यक्षांना विचारा."

अध्यक्ष म्हणजे हिंदुराव. त्याच्याबद्दल एक सांगतो. शैलाच्या दुखण्यात तो माझ्या सख्ख्या भावासारखा राबला. रक्त लागलं तेव्हा त्यानं माणसं उभी केली. ती गेली त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं, तेव्हा लाकडापासून सगळं त्यानं बघितलं. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवत नव्हता. मी काय काय बोललो, शिवला नाही. मग हिंदुराव पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "वहिनी, विल्याची काळजी करू नका. आम्ही आहोत." कावळा शिवला. त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो होतो.

मी गेलो तेव्हा तो दारात कुंडीला पाणी घालत होता.

"तुला माहीत होतं का, शैलाचा ठसा घेतलाय ते?" मी विचारलं.

"ये की आत. चहा टाकायला सांगतो."

"माहीत होतं का?"

"विल्या, सभेत बोलू. सगळ्यांसमोर. लोकशाही आहे." मग झारी खाली ठेवून, "वहिनींचं आजारपण मी बघितलं का नाही? मी काय तुझं वाईट करीन?"

मी चहाला न थांबता परत फिरलो. तो हिशेब मोठा होता आणि त्यानं तो बरोबर वेळी काढला.

रविवारी सभा गणपतीच्या मंडपात भरली. नेहमीप्रमाणं गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं तीच माणसं त्याच खुर्च्यांवर असताना पुन्हा सुरू झाली. वेफर्स आणि पेढ्याचे बॉक्स वाटले. हिंदुराव एकेक विषय वाचायचा, लोक वेफर्स खात "मंजूर, मंजूर" म्हणायचे. अहवाल मंजूर. हिशेब तपासनीसाची नेमणूक मंजूर. आमच्याकडं सभा अशीच होते. मीही अनेक वर्षं असाच मंजूर म्हणत आलो.

"विषय क्रमांक सात. अंदाज प्रणालीतील ठशांचं एकत्रीकरण."

मी उठलो. मला बोलायची सवय नाही. उभा राहिलो तेव्हा मारुती टकले म्हणाला, "पाणी द्या रे विलासभाऊंना." कुणी तरी हसलं.

"माझ्या बायकोचा ठसा तुमच्या मशीनमध्ये आहे," मी म्हणालो. "मला तो परत पाहिजे. तिनं तुमची पत्रं लिहिली, त्याबद्दल माझं काही नाही. पण दवाखान्यात ती माझ्याशी जे बोलली तेही त्यात आहे. तिचा आवाज गेला होता. ते तिचं शेवटचं बोलणं आहे. ते टाकी धुवायच्या निरोपात यायला नको. एवढंच."

हिंदुराव माइकमध्ये खाकरला.

"विलासराव, आपल्या भावनांचा संस्था आदर करते. पण याबाबतचा ठराव मागच्या विशेष सभेत एकमतानं झाला आहे. रीतसर झाला आहे."

"मला न विचारता?"

"सूचक मारुती टकले." तो थांबला. मला वाटतं त्याला पुढचं वाचायचं नव्हतं, पण कागद हातात होता आणि समोर माइक होता. "अनुमोदक विलास भगवान होगाडे."

"कोण?"

"आपण."

"कधी झाली ती सभा?"

त्यानं तारीख सांगितली.

"हिंदुराव," मी म्हणालो, "त्या दिवशी शैलाचा दहावा होता."

मंडपातला वेफर्सचा आवाज बंद झाला.

हिंदुरावनं माइक बाजूला केला आणि नुसत्या आवाजात बोलला. "अरे, नावं लागतात रे. सभा झाल्यावर लिहिताना घालतो आपण. दरवर्षी घालतो. जो नसेल त्याचं मुद्दाम घालतो, तेवढाच त्याला मान. तुझ्या घरचं मशीन, म्हणून तुझं नाव घातलं. चांगलं दिसावं म्हणून."

हे खरं होतं. आमच्याकडं अशीच नावं घालतात. गेल्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीच्या ठरावाला माझ्या नावाचं अनुमोदन होतं तेव्हा मी पेढा वाटला होता.

"घाटावरून तू सरळ सभेला गेलास?" मी विचारलं.

"आंघोळ करून गेलो."

मी काय विचारलं हे त्याला खरंच कळलं नव्हतं.

मी खुर्च्यांकडं वळलो. "वहिनी, तुम्ही सांगा. त्या दिवशी मी कुठं होतो?"

दहाव्याचा सगळा स्वयंपाक सुलोचना वहिनींनी माझ्या घरात केला होता. घाटावरून आल्यावर पहिलं ताट त्यांनीच मला वाढलं होतं.

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भावजी, माझं इन्सुलिन त्याच्यावरच येतंय. पहिल्यासारखं झालं तर..."

"मी कुठं होतो एवढंच विचारलं."

"मला आता आठवत नाही, भावजी."

मारुती टकलेला वाटलं आपण काहीतरी बरं बोलावं. तो उठून म्हणाला, "विलासभाऊ, तुम्ही असं का घेताय? आम्हाला तर त्यात बरं वाटतंय. निरोप आला की वहिनी बोलल्यासारखं वाटतं. आमची मंडळी तर म्हणते, शैलावहिनी गेल्याच नाहीत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

तो खाली बसला.

"सगळ्यांना माहीत होतं?"

मी एकेकाकडं बघितलं. कुणी बॉक्सचं झाकण बंद करत होतं, कुणी मोबाइल काढला. ही सगळी माणसं गेले कित्येक महिने तिच्या शब्दांत माझ्या गुडघ्याची चौकशी करत होती, आणि ते शब्द कुणाचे हे त्यांना ठाऊक होतं. मी सोडून सगळ्यांना.

"विषय क्रमांक सात," हिंदुराव म्हणाला. आता तो माझ्याकडं बघत नव्हता. "मंजूर?"

आधीच्या विषयांसारखा एकदम आवाज आला नाही. एक इकडून, दोन तिकडून, असं तुटक तुटक आलं. पण आलं.

"माझा विरोध लिहा," मी म्हणालो.

"लिहितो. सूचक?"

मारुतीनं मान डोलावली.

"अनुमोदक?"

त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. मग सुलोचना वहिनींनी हात वर केला. मी चप्पल घालून निघालो.

घरी येऊन मी मशीन सुरू केलं. सोमवारच्या आत एकदा, असं मनात होतं. तिला काय विचारायचं ते ठरवत होतो, तेवढ्यात पडद्यावर माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची ऑर्डर उघडली, नाव-पत्ता भरलेली. तिच्यामागं पेन्शनचा हयातीचा दाखला. मग लाइट बिल. मी अजून बोट लावलं नव्हतं. माझं सगळं तीच करायची, तेव्हा माझ्यासाठी बरोबर अंदाज हाच होता. मी लिहिलं, 'शैला'. पुढं लगेच भरलं गेलं, 'शैला घरी नाही. आल्यावर सांगतो.' कुणी तिच्यासाठी मला निरोप पाठवला की माझ्या वतीनं तीच असं उत्तर द्यायची, मी स्वतः काही लिहीत नव्हतो म्हणून.

मी वायर काढली.

सोमवारी घुसळण झाली. त्यानंतर आठवडाभरात कॉलनीत काय झालं ते ओट्यावर बसून ऐकलं. मशीनं आणखी पळायला लागली. मारुतीच्या बायकोनं दूधवाल्याला निरोप पाठवला, 'ऐकलं का, दादा. साखर कमी घाला.' दूधवाला येऊन विचारत होता, दुधात साखर कधी घातली मी? सगळे हसले. त्या बाईलाही कळलं नाही तिनं असं का लिहिलं. सुलोचना वहिनींच्या बहिणीला आला, गॅसवाल्याला आला. 'होगाडे' हा शब्द मात्र कुठंच राहिला नव्हता. साठ घरांत वाटून घेतल्यावर तेवढंच गळून पडलं.

मग हिंदुराव आला. मी त्याच्या निरोपांना उत्तर देत नव्हतो म्हणून आला. दारातच उभा राहिला, मी आत ये म्हणालो नाही.

"निरोप वाचलेस?"

"नाही."

"वाच की. माफीच मागितलीय त्यात. चांगली, सविस्तर."

"कुणी?"

"कुणी म्हणजे?"

"माफी कुणी मागितलीय, हिंदुराव?"

त्याला कळलं. तो मूर्ख नाही. त्यानं हातातला मोबाइल खिशात घातला.

"तोंडानं सांग," मी म्हणालो.

"विल्या..." तो म्हणाला. "म्हणजे, ते असं झालं..." त्याचा हात खिशाकडं गेला आणि परत आला. "सभेला नावं लागतात रे."

"हे सांगून झालंय तुझं."

"होय." त्यानं ओट्याच्या फरशीवर चप्पल घासली. "मग आता काय सांगू?"

"ते मी कसं सांगू?"

मी खरंच थांबलो होतो. घाटावर त्याला शब्द सापडले होते, तेव्हा ते त्याचे स्वतःचे होते. एखादा शब्द सापडला असता, मोडका असला तरी, तर मी बाजूला होऊन त्याला आत घेतलं असतं. त्या दारातून तो कधी विचारून आला नव्हता. त्यानं दोनदा तोंड उघडलं. समोरच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. तो तिकडं बघत राहिला.

"उद्या येतो," तो म्हणाला. "उद्या नीट बोलतो."

"ये."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसलो. तो आला नाही. निरोप आला. फार सुंदर लिहिला होता.